भिंतीवर कोण: मुरिल्योची पोरं की चेरूतीची माणसं?

बरोक काळातल्या, म्हणजे साधारण सतराव्या-अठराव्या शतकातल्या युरोपच्या, रस्त्यावरच्या माणसांचं एखादं मोठं चित्र घरात लावायचं असं एकदा डोक्यात घेतलं, की थोड्या शोधाशोधीनंतर गाडी बहुतेक दोन नावांवर येऊन थांबते. एक स्पेनमधल्या सेव्हियाचा बार्तोलोमे एस्तेबान मुरिल्यो. दुसरा इटलीतल्या मिलानमध्ये जन्मलेला आणि जवळच्याच ब्रेशा शहरात नाव काढलेला जाकोमो चेरूती, ज्याला भिकाऱ्यांच्या चित्रांपायी ‘पितोक्केत्तो’ असं टोपणनाव पडलं. डच मंडळी मी मुद्दाम बाजूला ठेवली आहेत. त्यांची खानावळीतली चित्रं मुळातच लहान असतात, ती नाक लावून बघायची. हॉलच्या भिंतीला ती पुरत नाहीत आणि मोठी करून छापली तर बेंगरूळ दिसतात.

दोघांची नावं ऐकलीत, चित्रं पडद्यावर चाळून झालीत, आता प्रिंटची ऑर्डर द्यायची आहे आणि तिथेच घोडं अडलंय, असं ज्यांचं झालंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी स्वतः दोन्ही भिंतीवर लावून बघितली आहेत आणि त्यातलं एक ठेवलं आहे. तेव्हा पूर्ण तटस्थपणाची अपेक्षा ठेवू नका.

मुरिल्योपासून सुरुवात करू, कारण बहुतेक जण त्याच्यापासूनच करतात. त्यात वावगं काही नाही. म्युनिकच्या आल्टे पिनाकोथेक या संग्रहालयातलं द्राक्षं आणि कलिंगडाच्या जातीचं फळ खाणाऱ्या दोन पोरांचं चित्र पाहिलंत की पहिल्या क्षणी माणूस विरघळतो. एकाने मान मागे टाकून द्राक्षांचा घोस तोंडावर धरलाय, दुसऱ्याचा गाल घासाने फुगलाय, मांडीवर कापलेलं खरबूज आहे. त्या खरबुजाचा ओलसर गर, द्राक्षांवरची ती पुसट पांढरी साय, टोपलीची वीण... मुरिल्योने नुसती फळंच रंगवली असती तरी त्याचं नाव राहिलं असतं असं वाटावं, इतकं ते कसलेलं काम आहे. चित्र 1645 ते 1650 च्या आसपासचं. चित्रकार तेव्हा तिशीच्या आतबाहेर.

आणि मुरिल्यो भिंतीवर सोपा आहे, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. त्याचा प्रकाश उबदार, रंग मधाळ. साधारण छपाईतसुद्धा तो पडत नाही. दोन फुटांच्या फ्रेममध्येही चालतो, चार फुटांच्याही. पाहुण्यांना आवडतो, मुलांना आवडतो. घरातल्या कुणालाही पटवावं लागत नाही, आणि संसारी माणसाच्या दृष्टीने ही छोटी बाब नाही.

मग माझं कुठे बिनसलं? एकाच गोष्टीवर, आणि ती तुम्हाला कदाचित अजिबात खुपणार नाही.

त्या म्युनिकच्या पोरांचे पाय बघा. अनवाणी आहेत, आणि तळवे अस्सल काळे, रस्त्याची घाण मुरलेले. कपडे फाटलेले, खांद्यावरून ओघळलेले. आता नजर वर न्या. गाल गुबगुबीत, दंड भरलेले, त्वचा निरोगी. पायाकडून पोरगं रस्त्यावरचं आणि चेहऱ्याकडून चांगल्या खात्यापित्या घरचं. एकदा हे दिसलं की मग दिसतच राहतं. चित्र हॉलमध्ये होतं तोवर रोज सकाळी चहा पिताना माझी नजर तळव्यांवरून गालांवर आणि गालांवरून तळव्यांवर अशी फिरायची आणि मनात काहीतरी कुरकुरायचं.

त्यानंतरच्या चित्रांत तर हसूही आलं. लंडनच्या डलिच गॅलरीतलं खेळायला बोलावणारं पोरगं घ्या, किंवा नॅशनल गॅलरीतला खिडकीच्या कठड्यावर रेललेला मुलगा घ्या. दोघंही हसताहेत, आणि ते हसू फार आर्जवी आहे. ‘आमचं बरं चाललंय, तुम्ही काळजी करू नका’ असं सांगणारं. घरी येणारा प्रत्येक माणूस माझ्या त्या खरबूजवाल्यांसमोर उभा राहिला की ‘किती गोड!’ म्हणायचा. आणि मग गप्पा दुसरीकडे वळायच्या. इतक्या जणांच्या तोंडून तो एकच शब्द ऐकला, की शेवटी मलाच त्या शब्दाची चीड यायला लागली. रस्त्यावर राहणारी, अनवाणी दोन पोरं, आणि त्यांच्याबद्दल कुणालाच एकही प्रश्न पडत नाही? चित्राने सगळी उत्तरं आधीच देऊन टाकली होती.

गंमत अशी की मला जे टोचलं तेच एका फार मोठ्या माणसाला भावलं होतं. जर्मन तत्त्वज्ञ हेगेल आपल्या सौंदर्यशास्त्राच्या व्याख्यानांत म्युनिकमधल्या याच पोरांबद्दल बोलतो. त्यांची बेफिकिरी, त्यांचा तो आतून आलेला निवांतपणा त्याला इतका आवडला की त्याने त्यांना जवळजवळ ऑलिम्पसच्या देवांच्या पंक्तीला बसवलं. हेगेलपुढे मी कोण? पण देवांना भूक लागत नाही आणि पोरांना लागते, एवढंच माझं म्हणणं.

मुरिल्योला गरिबी माहीत नव्हती असं मात्र म्हणता येणार नाही, आणि मला तसं सुचवायचंही नाही. चौदा भावंडांतला तो धाकटा. दहा-अकराव्या वर्षी आईवडील दोघंही गेले. 1649 च्या प्लेगने सेव्हियाची जवळपास निम्मी वस्ती नेली, ते सगळं त्याने डोळ्यांनी बघितलं. पुढे 1665 मध्ये तो अनाथ-आजाऱ्यांसाठी काम करणाऱ्या कारिदाद या धर्मसंघात दाखल झाला आणि त्यांच्या चर्चसाठी त्याने सेवाकार्याची मोठमोठी चित्रं केली. तिथे त्याने डोक्यावर खवडे असलेलं पोरही रंगवलंय, हंगेरीची संत एलिझाबेथ त्याचं डोकं धुते आहे. म्हणजे हात आणि नजर दोन्ही तयार होते. पण रस्त्यावरच्या पोरांची चित्रं चर्चसाठी नव्हती. ती सेव्हियात धंदा करणाऱ्या फ्लेमिश व्यापाऱ्यांच्या दिवाणखान्यांत जायची, आणि त्यातली बहुतेक पुढे स्पेनबाहेरच गेली. गिऱ्हाईक बघून माल काढला, असं म्हणणं जरा जास्त होईल. पण दिवाणखान्यात काय चालतं ते त्याला पक्कं कळत होतं.

त्याचं एक चित्र मात्र या सगळ्याला अपवाद आहे. पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयातला, उवा मारत बसलेला पोरगा. हा हसत नाही. भिंतीला टेकून बसलाय, खिडकीतून तिरपं कडक ऊन त्याच्यावर पडलंय, मान खाली, बोटं अंगरख्यात उवा शोधताहेत. शेजारी मातीचा घडा, कलंडलेल्या टोपलीतून सांडलेली सफरचंदं, जमिनीवर खाऊन टाकलेल्या कोळंबीची टरफलं. सोळाव्या लुईने 1782 मध्ये हे फ्रान्ससाठी विकत घेतलं. मुरिल्योच घ्यायचा असं ठरलंच असेल तर माझ्या मते हा घ्या. फक्त घरात चर्चा होईल. उवा मारणारा मुलगा हॉलमध्ये कशाला, हा प्रश्न आमच्याकडे पाच मिनिटांत आला आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता चेरूती. जन्म 1698, मृत्यू 1767, म्हणजे मुरिल्योनंतरचा, बरोक काळाच्या पार शेवटच्या टोकाचा. ब्रेशा तेव्हा व्हेनिसच्या राज्यात होतं आणि तिथल्या सरदार घराण्यांसाठी त्याने 1720 नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत भिकारी, धोबिणी, चांभार, हमाल पोरं, सूत कातणाऱ्या बाया, लेस विणणाऱ्या मुली अशी माणसं रंगवली. जवळजवळ माणसाच्या खऱ्या मापाची. ज्या आकारात त्या काळी सरदार स्वतःची पोर्ट्रेट करून घ्यायचे, त्या आकारात. मग दीड-पावणेदोनशे वर्षं तो तसा विस्मरणातच गेला. 1931 मध्ये जुझेप्पे देलोगू या अभ्यासकाने ब्रेशाजवळच्या पादेर्नेल्लोच्या गढीतली त्याची चित्रमालिका उजेडात आणली, आणि 1953 मध्ये कला-इतिहासकार रॉबेर्तो लोंगीने मिलानला लोम्बार्दीच्या, म्हणजे मिलान-ब्रेशाच्या मुलखातल्या, वास्तववादी चित्रकारांचं प्रदर्शन भरवलं तेव्हा कुठे लोकांना त्याची थोरवी कळली. 2023 मध्ये ब्रेशात आणि त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयात त्याची स्वतंत्र प्रदर्शनं झाली. त्यामुळे आता त्याच्या चांगल्या प्रतिमाही मिळू लागल्या आहेत. पूर्वी हीच मोठी अडचण होती.

चेरूतीची माणसं हसत नाहीत. रडतही नाहीत, हात पसरत नाहीत, करुणा भाकत नाहीत. ब्रेशातली ती धोबीण घ्या. दगडी कुंडावर ओणवी, हात ओल्या कपड्यावर, आणि काम अर्ध्यात थांबवून तिने मान वर करून आपल्याकडे बघितलंय. कशासाठी बघितलं ते सांगत नाही. ‘काय हवंय?’ असंही असेल, ‘बघा, बघायचं तर’ असंही असेल. लेस विणणाऱ्या मुलींच्या चित्रातही तेच. मांडीवरच्या उशा, त्यांवरचं किचकट काम, आणि एखादीची नजर अशी की आपण वर्गात न विचारता शिरलोय.

या नजरेची किंमत मोजावी लागते, हे आधीच सांगतो. पहिले काही दिवस घरात कोणीतरी परकं बसलंय असं वाटतं. रात्री पाणी प्यायला उठलं की दचकायला होतं. मुरिल्यो पहिल्या दिवशी घरचा होतो, चेरूतीला महिने लागतात, आणि काही घरांत तो कधीच होणार नाही. ‘दोन भिकारी’ हे त्याचं बहुधा सगळ्यात गाजलेलं चित्र. झिजलेल्या, लष्करी वाटणाऱ्या कोटांतले दोन म्हातारे, एकाजवळ मांजराचं पिल्लू. हे मला जगातल्या थोर चित्रांपैकी वाटतं. पण जेवणाच्या टेबलासमोर मी ते लावणार नाही. घास घशाखाली उतरायचा नाही.

मी ठेवलं ते मिलानच्या ब्रेरा संग्रहालयातलं हमाल पोराचं चित्र, साधारण 1735 चं. बाजारातून लोकांचं सामान घरी पोचवून चार पैसे कमावणारी पोरं तेव्हा लोम्बार्दीच्या गावागावांत असायची, त्यातला हा एक. बसलाय, खांद्यावरून पट्ट्याने टोपली अडकवलेली, सोबत अंडी आणि कोंबड्या. रस्त्यावरचं आयुष्य आणि वस्तुचित्र (इंग्रजीत ‘स्टिल लाइफ’ म्हणतात ते) दोन्ही एकाच चौकटीत. अंडी इतकी नेटकी रंगवली आहेत की प्रत्येकाच्या कवचाची छटा वेगळी वाटते. आणि पोरगं? ते दमलंय. जरा टेकलंय. पुन्हा उठायचंय. बस्स. तळवे आणि गाल एकाच माणसाचे आहेत.

हे चित्र दारासमोरच्या भिंतीवर आहे. एकदा पार्सल द्यायला आलेला मुलगा सहीसाठी फोन पुढे करता करता त्याच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, ‘‘काका, एवढी अंडी घेऊन बसलाय, फुटत नाहीत का ह्याची?’’ मी म्हटलं, फुटली तर पैसे ह्याच्याकडूनच कापत असतील. तो म्हणाला, ‘‘मग काय, तेच.’’ आणि निघून गेला. खरबूजवाल्या पोरांसमोर इतक्या दिवसांत असं कुणी एक वाक्य बोललं नव्हतं. ही काही मोजमापाची रीत नाही हे मान्य. पण माझा काटा तिथे झुकला तो झुकलाच.

चेरूतीच्या भक्तांनी लपवू नये अशी एक गोष्ट इथे सांगून टाकतो. त्याची ‘वास्तवता’ सगळीच रस्त्यावरून उचललेली नाही. त्याच्या काही आकृत्या फ्रेंच चित्रकार झाक कालोच्या शंभरएक वर्षं आधीच्या भिकाऱ्यांच्या छापचित्रांवरून घेतलेल्या आहेत, हे अभ्यासकांनी दाखवून दिलंय. म्हणजे मुरिल्यो सजवतो आणि चेरूती जसंच्या तसं दाखवतो, इतकं सरळ गणित नाही. शिवाय सरदारांनी आपल्या वाड्यात भिकाऱ्यांची माणसाएवढी चित्रं का लावली असतील, हा प्रश्न आहेच. आणि तोच प्रश्न वन बीएचकेमध्ये प्रिंट लावणाऱ्या आपल्यालाही कुणी विचारू शकतो.

वस्तुचित्रांकडे कल असेल, म्हणजे माणसंच नकोत, तर निवड जवळजवळ आपोआप होते. मुरिल्योकडे फळं आणि भांडी आहेत ती माणसांच्या पायाशी. निव्वळ वस्तूंची चित्रं अशी त्याची ओळख नाही. चेरूतीने ती केली, आणि 1736 च्या सुमाराला व्हेनिसमध्ये फील्ड मार्शल शुलेनबुर्ग यांच्यासाठीही केली. हे शुलेनबुर्ग म्हणजे 1716 मध्ये तुर्कांपासून कोर्फू वाचवणारे. म्हातारपणी त्यांनी तोफा सोडून चित्रं जमवली. चेरूतीचं ब्रेरातलं एक वस्तुचित्र मला फार आवडतं: जस्ती रंगाची थाळी, सुरी, पाव, अक्रोड, लाल वाइन आणि सालामी. शाकाहारी घरात ही सालामी काय आहे ते सांगावं लागतं आणि सांगितल्यावर चित्र स्वयंपाकघरातून हलवावं लागतं, हे अनुभवाने सांगतो. आता ते माझ्या कामाच्या टेबलावर आहे.

मूळ चित्रं बघायला जाणार असाल, आणि आपल्याकडून युरोपला जाणारे मिलानला उतरतातच, तर चेरूती फार सोयीचा. ब्रेरा मिलानमध्येच. तिथून ब्रेशा रेल्वेने तासाभराच्या आतबाहेर, आणि तिथलं पिनाकोतेका तोझिओ मार्तिनेंगो हे चित्रसंग्रहालय 2018 मध्ये नव्याने उघडलंय. चेरूतीची दालनं शांत असतात, समोर बाक टाकून बसता येतं. मुरिल्योची ही चित्रं मात्र म्युनिक, पॅरिस, लंडन अशी पांगलेली. लूव्हरमध्ये उवावाल्या पोरापर्यंत पोचेस्तोवर पायाचे तुकडे पडतात. म्युनिकचं दालन झकास आहे, तिथे त्याची अशी पाच चित्रं एकत्र बघायला मिळतात, आणि खरं सांगतो, मूळ रंगांत ते खरबूज बघितल्यावर मी माझी तक्रार दहा मिनिटं विसरलो होतो.

छपाईचं मात्र नीट ऐका, कारण चेरूतीला लोक नाकारतात ते बहुतेक वेळा खराब प्रिंटमुळे. त्याची सगळी गंमत करड्या-तपकिरी रंगांच्या बारीक फरकांत आहे. धुळीचा रंग, तागाचा रंग, मळलेल्या कापसाचा रंग. एका दुकानाने मला न विचारता चित्र ‘ब्राइट’ करून दिलं. पोराचा चेहरा गुलाबी झाला, मागची भिंत पिवळी, आणि अंडी प्लास्टिकची वाटायला लागली. म्हणजे पैसे चेरूतीचे आणि हातात मुरिल्यो, तोही वाईट. दुसरीकडे कॅनव्हासवर छापलं तर सावल्यांचा चिखल झाला. शेवटी जाड मॅट कागदावर, कुठलीही आपोआप होणारी सुधारणा बंद करून, आधी हातभर तुकडा छापून बघितला आणि मग पूर्ण काढलं. मुरिल्योला एवढे लाड लागत नाहीत.

आकाराचंही तसंच. चेरूती तीन फुटांच्या खाली घेऊ नका. त्याची माणसं मोठी असण्यातच त्यांचा मान आहे. लहान केलं की ती पुन्हा कोपऱ्यातले भिकारी होतात. जागा तेवढी नसेल तर सरळ मुरिल्यो घ्या, पस्तावणार नाही. घरात लहान मुलं असतील, किंवा चित्र कुणाला लग्नात-वास्तुशांतीला भेट द्यायचं असेल, तरी मुरिल्योच. माझं खरबूजवालं प्रिंट आता धाकट्या बहिणीकडे ठाण्याला आहे. तिच्या हॉलमध्ये सकाळचं ऊन थेट त्याच्यावर पडतं आणि ते तिथे खरोखरच शोभतं. माझी भाची त्या पोरांना नावांनी हाक मारते.

पण भिंत मोठी असेल, घरातली माणसं दोन-तीन महिने कळ काढायला तयार असतील, आणि चित्राने येणाऱ्या-जाणाऱ्याला खूश करण्यापेक्षा थोडं थांबवावं असं वाटत असेल, तर चेरूतीचा विचार करा. सुरुवात ‘दोन भिकारी’पासून नको, हमाल पोरगा किंवा धोबीण घ्या. काच लावायची तर चकाकी न मारणारी लावून घ्या, नाहीतर त्या गडद रंगांत चित्राऐवजी समोरचा टीव्ही दिसेल. आणि फ्रेमवाल्याला सोनेरी पट्टी लावू नको म्हणून दोनदा सांगा, कारण एकदा सांगून तो ऐकत नाही.